पाटातलं गवत : खानदेशात पाणवनस्पतींच्या शोधात पाच दिवस

आमच्या घरी तीन फुटांची काचेची टाकी आहे. साधारण १६० लिटर पाणी मावतं. तिच्यात गेली दोन वर्षं मी दुकानातून झाडं आणून लावत होतो आणि ती एकामागून एक मरत होती. लाल पानांची, बारीक पानांची, ॲमेझॉन स्वोर्ड, कबोम्बा. आठवडाभर टवटवीत दिसायची, मग पानं काचेसारखी पारदर्शक व्हायची आणि विरघळून जायची. दुकानदार म्हणे खत घाला, कार्बन डायऑक्साइड गॅसचं नळकांडं लावा, लाइट बदला. सगळं केलं.

मग एके दिवशी भाच्यानं तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, आणून आमच्या बोअरच्या पाण्यात बुडवलं. आकडा आला ६८०. "मामा, झाडांचा काय दोष? आपलं पाणी बघ ना," तो म्हणाला. खरंच होतं ते. जळगावात बोअरच्या पाण्यानं बादल्यांवर पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल वर्षभरात जाते. खाली सगळा काळा पाषाण, त्यातून झिरपून आलेलं पाणी जडच असणार. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली मऊ पाण्याची झाडं इथे कशी जगणार?

पण तापीत, गिरणेत, पाझर तलावांत झाडं उगवतातच की. लहानपणी पोहताना पायाला गुंडाळायची ती. त्यांना या पाण्याची सवय आहे. तीच आणायची ठरवली. डिसेंबरात, म्हणजे पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसून पाणी निवळल्यावर, भाचा आणि मी मोटरसायकलवर निघालो. सोबत दोन बादल्या, थर्मोकोलचं खोकं, जुनी वर्तमानपत्रं, भिंग आणि ते मीटर.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या केल्या. अभयारण्यात शिरायचं नाही. यावल आणि अनेर धरण ही दोन्ही अभयारण्यं आमच्या टप्प्यात होती, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथली काडीसुद्धा उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसरं म्हणजे, जिथे एखादं झाड मुबलक असेल तिथूनच मूठभर घ्यायचं, तेही कुणाला तरी विचारून.

पहिला दिवस : हतनूर

भुसावळ ओलांडलं की दोन्ही बाजूंना केळी सुरू होते. सकाळच्या थंडीत केळीच्या पानांवरून दव ठिबकत होतं आणि भाचा मागे बसून कुडकुडत होता. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडले की बातमी होते. आम्हाला मात्र दरवाजांशी काम नव्हतं, मागच्या फुगवट्याशी होतं. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात, तिथपर्यंत हे पाणी पसरलेलं असतं. दोन्ही नद्या भरपूर गाळ आणतात. गाळामुळे धरणाची साठवण घटते ही काळजीचीच बाब, पण त्याच गाळामुळे काठाला उथळ, मऊ तळाचा लांबलचक पट्टा तयार झाला आहे आणि तिथे पाणवनस्पती माजतात.

पाणी दिसलं त्याआधी आवाज ऐकू आला. शेकडो वारकरी पक्षी एकत्र पाण्यावर, काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा. ते डुबकी मारून वर यायचे तेव्हा चोचीत हिरवा धागा लोंबत असायचा. भाच्यानं विचारलं, "मामा, झाडं शोधायची म्हणजे यांच्या मागे जायचं ना?" मला हे सुचलं नव्हतं. पाणवनस्पती खाणारे पक्षी जिथे दाटीनं बसतात तिथे खाली कुरण असतं. पुढचे तीनही दिवस आम्ही आधी पक्षी बघितले, मग पाणी.

काठावर एक म्हातारे भोई आबा जाळ्यातून हिरवा कचरा सोडवत बसले होते. शेजारी त्याचा गुडघ्याएवढा ढीग. विचारलं, "आबा, यातलं थोडं घेऊ का?" त्यांनी ढिगाकडे आणि मग आमच्या बादल्यांकडे पाहिलं. "सगळंच न्या. आमच्या जाळ्याचा शत्रू आहे हा."

त्या एका ढिगात चार जाती निघाल्या. सर्वांत जास्त हायड्रिला. दुकानात एलोडिया म्हणून जी काडी मिळते, ती आणि हायड्रिला यांत लोकांचा फार गोंधळ होतो. हायड्रिलाची पानं देठाभोवती चक्रासारखी येतात, बहुधा पाच किंवा त्याच्या आसपास, आणि कडेला बारीक दाते असतात. पाण्याबाहेर काढून बोटांतून ओढली की खरखर जाणवते. दुकानातली काडी गुळगुळीत लागते. शिवाय हायड्रिलाच्या मुळांशी बारीक गाठी असतात. तलाव आटला तरी त्या चिखलात तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात.

दुसरं सेराटोफायलम, ज्याला टाकीवाले हॉर्नवर्ट म्हणतात. कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुपकेदार. त्याला मुळंच नसतात, सगळं अन्न पानांनीच पाण्यातून घेतं. नवीन टाकीत पाणी हिरवं होतं त्यावर याच्याइतका साधा उपाय नाही, कारण शेवाळाला लागणारी नत्रं हे आधीच खाऊन टाकतं. तिसरं नाजस, ठिसूळ, हात लावला की तुटणारं. चौथं लहरी पानांचं पोटॅमोजेटॉन, ज्याच्या कडा भजीसारख्या चुरलेल्या दिसतात.

मीटर बुडवलं. ३१०. आमच्या बोअरपेक्षा निम्मं, तरी जडच.

हायड्रिला घेताना मनात एक गोष्ट होती, ती भाच्याला तिथेच सांगितली. आपल्याकडे ही वनस्पती घरची आहे, तिला खाणारे मासे, पक्षी, किडे आहेत. पण १९५० च्या दशकात टाकीच्या शौकातून ती अमेरिकेत फ्लोरिडाला पोहोचली आणि तिथल्या तळ्यांचं रान करून टाकलं. एक तुकडा पुरतो. आणि उलटही झालंय. आपल्या नद्यांत जी जलपर्णी मातली आहे, ती दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली. म्हणून टाकीतली छाटणी गटारात, नाल्यात, तळ्यात टाकायची नाही. उन्हात खडखडीत वाळवायची आणि मगच कुंडीत घालायची.

दुपारी चांगदेवच्या देवळात दर्शन घेतलं. कोरीव दगडाच्या सावलीत बसून घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. समोर संगम. मुलताईला उगम पावलेली तापी इथवर येऊन पूर्णेला सोबत घेते आणि पश्चिमेला वळून खंबातच्या आखाताकडे निघते. तिचा उगम मी पाहिलेला नाही. एकदा जायचंय.

दुसरा दिवस : पद्मालय आणि एक पाझर तलाव

एरंडोलजवळच्या पद्मालयाला देवदर्शनासाठी गेलो. तिथे एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. देवळापुढे कमळांचा तलाव, त्यावरूनच नाव पडलं. डिसेंबरात फुलं संपत आलेली, पानं करपलेली. त्या तलावातलं काही घ्यायचा विचारही नव्हता. पण भाच्याला कमळ आणि कमोदिनी यांतला फरक दाखवायला याहून चांगली जागा नाही. कमळाचं पान पाण्याच्या वर हातभर उभं राहतं, अखंड गोल असतं, थेंब त्यावर मोत्यासारखा पळतो. कमोदिनीचं पान पाण्यावर पसरून असतं आणि देठापर्यंत चिरलेलं. कमळ घरातल्या टाकीत कधीच लावू नये. त्याला चिखल हवा, दिवसभराचं ऊन हवं, पसरायला जागा हवी. कमोदिनीचा छोटा कंद मात्र टाकीत चालतो, तरंगती पानं खुडत राहिलं की पाण्याखालची पानं सुंदर येतात.

खरा लाभ झाला तो पुढच्या वाटेवर. पारोळ्याच्या दिशेला जाताना कापसाच्या शेतांमध्ये एक पाझर तलाव दिसला. कडेला दोन-तीन बगळे, पाण्यावर छोटी पाणकोंबडी. उतरलो. पाणी गुडघ्याइतकं, तळ स्पष्ट दिसत होता. आणि तळाशी रुंद, पातळ, जवळजवळ पारदर्शक पानं, तंबाखूच्या पानाएवढी. ओटेलिया!

मी हे झाड फक्त चित्रात पाहिलं होतं. ओटेलिया ॲलिस्मॉइडिस. तीन पाकळ्यांचं फिकट गुलाबीसर पांढरं फूल पाण्याच्या वर डोकं काढतं, बाकी सगळं झाड पाण्याखाली. या झाडात एक नवल आहे. पाण्याखाली कार्बन मिळवणं ही प्रत्येक पाणवनस्पतीची अडचण असते. ओटेलिया ती तीन मार्गांनी सोडवते. जड पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट वापरते, मक्या-उसासारखी कार्बन एकवटायची सी-४ पद्धत वापरते, आणि निवडुंगासारखा रात्री कार्बन साठवायची पद्धतही तिच्यात आहे. या तिन्ही पद्धती एकाच झाडात असल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. गॅसचं नळकांडं लावूनही माझ्या टाकीत झाडं मेली, आणि इथे शेतातल्या तळ्यात हे झाड आपलं आपण तीन वाटा काढून बसलंय. मी बराच वेळ तसाच पाण्यात उभा राहिलो. पाय बधिर झाले तेव्हा भाच्यानं हाक मारली.

उपटलं मात्र नाही. ओटेलियाची पानं काकडीच्या सालीसारखी ठिसूळ, हलवलेली सोसत नाहीत, आणि झाड बहुधा एका हंगामाचंच असतं. बियांपासून वाढवणं हाच मार्ग. पिकलेलं एक फळ मिळालं, कडेला पंखासारख्या पट्ट्या असलेलं. दाबलं तर आत बुळबुळीत गरात शेकडो बारीक बिया. निम्मा गर तिथेच पाण्यात सोडला, निम्मा डबीत तळ्याच्याच पाण्यासकट घेतला.

शेताचे मालक बैल घेऊन आले. आम्हाला पाण्यात पाहून थबकले. "काय हरपनं का भाऊ?" काही हरवलं नाही, झाड बघतोय, असं सांगितल्यावर त्यांनी आम्हाला थेट खळ्यावर नेलं. तिथे भरीत चाललं होतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजून, लाकडी बडजीत कुटून केलेलं. त्यांच्या म्हातारीनं पानात वाढताना पुन्हा विचारलं, "तठे काय शे पोरासहो?" मी डबीतल्या बिया दाखवल्या. तिनं डबी उजेडाला धरली, नीट पाहिली आणि परत देताना झाकण घट्ट लावून दिलं.

रात्री धुळ्याला मावशीकडे मुक्काम. बादल्या तिच्या अंगणात.

तिसरा दिवस : पांझरेचा पाट

आयुष्यभर लक्षात राहील असा हा दिवस.

धुळ्याहून सुरतेच्या रस्त्यानं कुसुंबा, नेर करत पुढे गेलं की पांझरा सोबत चालते. या नदीवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत. नदीला आडवा बंधारा घालायचा, त्याच्या बाजूनं पाट काढायचा आणि निव्वळ उतारानं पाणी शेतांपर्यंत न्यायचं. भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचं. पाण्याची राखण पाटकरी करतो, शेताला पाणी बारेकरी देतो, पिकाची राखण जागल्या करतो. पंप नाही, वीज नाही. पुष्कळ ठिकाणी हे आता मोडकळीला आलंय, विहिरी आणि बोअर झाल्या, पण काही पाट अजून वाहतात.

आम्ही अशाच एका वाहत्या पाटावर थांबलो. पाणी जेमतेम दोन फूट खोल, काचेसारखं, आणि त्यात हिरव्या फिती. हात-दीड हात लांब, बोटभर रुंदीच्या, शेकडो, सगळ्या एकाच दिशेनं प्रवाहात लोळणाऱ्या. वाऱ्यावर गव्हाचं शेत हलतं तसं ते सगळं हलत होतं. दुकानात जिच्या पाच काड्यांना ऐंशी रुपये मोजले होते, ती व्हॅलिसनेरिया.

पाटकरी बाबा कुदळ खांद्यावर टाकून आले. डोक्याला रुमाल, पायात काही नाही. "हाई गवत शे भाऊ. दरसाल काढतस आम्ही. म्हशी बी खातस." पाट साफ करायचा दिवस ठरतो, घरटी एक माणूस येतो, आणि हे सगळं उपटून काठावर टाकतात. नाहीतर पाणी तुंबतं आणि शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही. मी हवं तेवढं घ्यायला परवानगी मागितली, तेव्हा त्यांना ती मागण्याचंच आश्चर्य वाटलं.

उपटण्याआधी बंधाऱ्याच्या मागे, जिथे पाणी थांबलेलं होतं, तिथे पोटावर झोपून आम्ही अर्धा तास बघत बसलो. व्हॅलिसनेरियाचं लग्न मला बघायचं होतं. मादी झाडाचं बारीक फूल लांब, दोऱ्यासारख्या देठावर तळापासून पृष्ठभागापर्यंत येतं आणि तिथे पाण्याला एक छोटी खळी पाडून बसतं. नर झाडाची फुलं तळाशीच असतात. ती तुटून वर येतात, रव्याच्या कणांएवढी, आणि पाण्यावर होडीसारखी तरंगत राहतात. वारा त्यांना हलवतो. एखादी त्या खळीत घसरते आणि मादी फुलाला टेकते. फळ धरलं की तोच लांब देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत फूल परत तळाशी ओढून नेतो. आम्हाला घसरताना एकही दिसली नाही, पण पाण्यावरची पांढरी भुकटी दिसली, खळीतली फुलं दिसली आणि खाली गुंडाळलेले देठही. भाचा भिंग सोडायलाच तयार नव्हता.

पाटकरी बाबाही शेजारी उकिडवे बसले. एवढी वर्षं या पाण्यात उभे राहिलेला माणूस. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हाई फूल शे? माले वाटे पीठ पडनं." मग आपण होऊन वाकले, पाण्यात हात घालून एक गुंडाळलेला देठ हळूच बाहेर काढला आणि सोडला. तो पुन्हा आखडला. त्यांनी दोनदा तसं केलं.

मीटरवर २८०. ही वनस्पतीही पाण्यातलं बायकार्बोनेट वापरते, म्हणून जड पाणी तिला बाधत नाही, उलट मानवतं. वीस-बावीस रोपं घेतली, आखूड पानांची, कोवळी. लांब पानांची मोठी झाडं दिसायला देखणी, पण जागा बदलली की पानं टाकतात. काठाच्या ओल्या मातीत ब्राह्मी पसरलेली होती, जाड छोटी पानं, पांढरट जांभळी फुलं. तिच्याही चार फांद्या घेतल्या. ब्राह्मी पाण्याखालीही सावकाश वाढते, हे फारसं कुणी करून बघत नाही.

संध्याकाळी ढाब्यावर शेवभाजी. ती इतकी तिखट होती की भाच्यानं तीन ग्लास ताक प्यायलं.

चौथा दिवस : तोरणमाळ

शहाद्याहून सातपुड्यात चढताना थंडी बोचायला लागली. यशवंत तलाव समुद्रसपाटीपासून हजारभर मीटर उंच, पाणी शांत, धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. मीटर बुडवलं तर ७५. चार दिवसांतलं सर्वांत मऊ पाणी. पावसाचं पाणी इथे फारसं मुरत नाही, झिरपत नाही, जसं पडतं तसं साठतं, असं मला वाटतं.

इथलं काही घेतलं नाही. भोवती राखीव जंगल आहे, आणि या पाण्यातलं झाड माझ्या ६८० च्या बोअरमध्ये नेऊन मारायचं कशाला? भाचा जरा हिरमुसला. तलावाला एक फेरी मारली, गोरखनाथाच्या देवळात जाऊन आलो आणि खाली उतरलो.

पाचवा दिवस : घर

धुळ्याहून बादल्या उचलल्या. झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात उभी ठेवली. थंडीच्या दिवसांत अशी दोन दिवस सहज राहतात. बादलीभर पाण्यात हिंदकळत आणली तर पानं मोडतात.

घरी पोहोचल्यावर थेट टाकीत काहीही घातलं नाही. नदीच्या झाडांबरोबर गोगलगायींची अंडी, जळवा, चतुरांची पिल्लं येतात, आणि चतुराचं पिल्लू छोटे मासे खातं. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला तुरटीच्या पाण्यात दोन तास ठेवली, मग खळखळून धुतली. ब्राह्मी लाल औषधाच्या, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटच्या, फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं. हॉर्नवर्टला लाल औषध लावलं नाही, त्याची सुईसारखी पानं भाजतात. त्याला नुसतं तीन पाणी धुतलं. मग सगळं गच्चीवरच्या टबात पंधरा दिवस. तेवढ्यात टबात चतुराची चार पिल्लं सापडली. ती भाच्यानं मेहरुणच्या तलावात सोडली.

टाकीत तळाला इंचभर चाळलेली माती आणि वर दोन इंच भरड वाळू घातली. व्हॅलिसनेरिया लावताना तिचा गड्डा, म्हणजे पानं जिथून फुटतात ती पांढरी जागा, वाळूच्या वर ठेवायची. तो पुरला की कुजतो. पहिल्या दहा दिवसांत तिची निम्मी पानं गेली, आणि मला पुन्हा जुनी भीती वाटायला लागली. अकराव्या दिवशी वाळूतून एक पांढरा धागा आडवा निघालेला दिसला, त्याच्या टोकाला दोन इंचाचं नवं रोप. आता फेब्रुवारी संपत आलाय. वीस रोपांची छप्पन्न झाली आहेत. हायड्रिला दर आठवड्याला कापावी लागते. नाजस गेलं. लहरी पोटॅमोजेटॉन जेमतेम आहे, ऊन वाढलं की तेही जाईल. ते थंडीचंच झाड.

खत नाही, गॅस नाही, बोअरचंच पाणी.

ओटेलियाच्या बिया मातीच्या एका उथळ परळात घातल्या होत्या, वर चार बोटं पाणी. परवा सकाळी त्यात सुईच्या टोकाएवढी सात हिरवी रोपं दिसली. आधी शेवाळच वाटलं. भिंगानं पाहिलं तेव्हा प्रत्येकाला एकेक पान होतं.

पाटकरी बाबांचा फोन आला होता. पाट साफ करायचा दिवस अजून ठरायचाय, ठरला की कळवतील. भाच्यानं बादल्या धुऊन ठेवल्या आहेत. या खेपेला आमचं बाकी काही काम नाही, घरटी एका माणसात आमचे दोन धरा, असं मी त्यांना सांगितलंय.